डावीकडचं माप

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी दोन्ही नमुने टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "घ्या, हातात घेऊन बघा." जसं काही मी अस्तराचं कापड निवडायला आलेय!

घेतले. आणि पहिली गोष्ट काय केली, तर उलटे करून शिलाई शोधली. बावीस वर्षांची खोड, दुसरं काय. शिलाई नाहीच. मागे नुसतं एक गोल ठिगळ, नाण्याएवढं. प्लास्टिकवाले डॉक्टर हसले. (छातीतली गाठ काढली ते गाठवाले डॉक्टर, आणि तिथे नवी छाती बसवणार ते प्लास्टिकवाले. त्यांची लांबलचक नावं फाइलवर आहेत, तिथेच असू देत.)

सिलिकॉनचा जड आणि मऊ. दाबला की दबतो, सोडला की सावकाश वर येतो, मळून झाकून ठेवलेल्या पिठासारखा. सलाईनचा म्हणजे पिशवीत मिठाचं पाणी. दाबला की पाणी दुसरीकडे पळतं, कडेला चुण्या पडतात. कानाशी धरून हलवला — गुळगुळ! डॉक्टर म्हणाले, "आत बसल्यावर आवाज सहसा येत नाही." सहसा! या शब्दाचा मी धसका घेतलाय. "अशा गाठी सहसा साध्या असतात" हेही ऐकून झालंय माझं.

मग नीट समजावलं. सिलिकॉन दिसायला आणि हाताला खऱ्यासारखा. मी पडले काटकुळी, त्यामुळे मला तोच शोभेल. पण आतल्या आत फाटला तर कळत नाही. बाहेरून सगळं जसंच्या तसं. म्हणून पाच-सहा वर्षांनी आतली तपासणी, मग दर दोन-तीन वर्षांनी. सलाईनचा फाटला तर लगेच कळतं. पाणी अंगात जिरतं, त्याचा अपाय नाही, पण एक-दोन दिवसांत ती बाजू सपाट. आणि माझ्यासारखीच्या कातडीवरून कडेच्या चुण्या दिसू शकतात.

"म्हणजे एक गप्प बसणारा आणि एक बोंब मारणारा," मी म्हटलं.

"असंच म्हणा हवं तर. दोन्ही चांगले आहेत. चोवीसला सांगा, सात एप्रिलला ऑपरेशन करू."

दोन्ही चांगले! मग निवडू कशाला देता? तुम्हीच ठरवा की. पण नाही, "शरीर तुमचं आहे." गाठ झाली तेव्हा कुठे मला विचारलं होतं कोणी.

ही वही मोठ्या नर्सबाईंनी दिली. औषधवाल्यांनी फुकट दिलेली, वर गुलाबी फूल. मनात येतील ते प्रश्न लिहा म्हणाल्या. प्रश्न एकही येत नाहीये. नुसती छातीत धडधड. तीही डावीकडेच.

४ मार्च, मंगळवार

पीठ मळताना सिलिकॉन. भांडी घासताना सलाईन. दिवस संपला.

६ मार्च, गुरुवार

सध्या आत फुगा आहे. कातडी ताणायला घातलेला. दर सोमवारी सुई टोचून त्यात थोडं थोडं पाणी भरतात. तिथली कातडी बधिर, सुई कळतसुद्धा नाही. फुगा वाढेल तसा वाढेल, तोवर दोन्ही बाजूंत जी तूट राहते ती भरायला मी गाद्या शिवल्यात. चांगल्या पाच, उतरत्या जाडीच्या, मागे खडूने नंबर टाकून. पाच नंबर सगळ्यात जाड. आता तीनवर आलेय. माझं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन मशीन, एक आरसा आणि रोजची पंधरा-वीस गिऱ्हाइकं. त्यांच्यापैकी एकीलाही कळलेलं नाही. आहे की नाही हातात कसब!

एका काजवालीला तेवढं माहीत आहे. काज-बटणं करते, कोपऱ्यात बसते, आणि तोंडाला बटण नाही. आज मोजून चार वेळा विषय काढला. "ताई, मी सांगते, सिलिकॉनच घ्या. माझ्या चुलतजावेच्या बहिणीने घेतलेत, हौसेने. ती तर उताणी झोपली तरी समोर काहीतरी दिसतं! आणि सलाईन म्हणजे हो, आजारी माणसाला लावतात तेच ना? ते कशाला जन्मभर अंगात ठेवायचं?"

मी कात्री आपटली तेव्हा गप्प बसली. मग मलाच हसू फुटलं.

एक गोष्ट कोणाला सांगत नाही, इथे लिहिते. बाईच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. अर्धा इंच, पाव इंच, फरक असतोच. मी दोन्हीकडची मापं वेगळी घेते आणि मोठ्याने एकच आकडा सांगते. बावीस वर्षं. एकीलाही पत्ता नाही की तिच्या ब्लाउजचा डावा टक उजव्याहून वेगळा घेतलाय. म्हणून तर गाठ मला आधी कळायला हवी होती. जगाचं बोटाने मोजत बसले आणि स्वतःला कधी टेप लावला नाही.

सासूबाईंच्या दोन आतल्या बंड्या शिवायच्यात. नेहमीप्रमाणे मापाला जुनी दिली, कागदात गुंडाळून. त्यांच्या अंगाला माझा टेप कधी लागलेला नाही. "यावरून बेत. एक दोरा इकडचा तिकडे नको." आणि डावीकडे आतून किल्ल्यांचा कप्पा, तो हवाच! घराला कुलूप एक, त्याची किल्ली दारामागच्या खिळ्याला. हे चेष्टा करतात, "आई, कुठल्या खजिन्याच्या गं किल्ल्या?" "आहेत माझ्या," एवढंच उत्तर. म्हातारं माणूस, हट्ट असतात. त्या कप्प्याचा खाकी कागद माझ्याकडे खिळ्याला टांगलेला आहे, लग्न झालं त्या वर्षीपासून. दुमडून दुमडून पार मऊ झालाय.

८ मार्च, शनिवार

गाठवाल्या डॉक्टरांनी लेकीसाठी फॉर्म दिला होता. तिला विसावं संपलं. घराण्यात कोणाकोणाला झालंय ते लिहायचं, त्यावरून तिच्या तपासण्या कधी सुरू करायच्या ते ठरणार. आई-वडिलांपैकी एकाच बाजूला असेल तर अजून काही वर्षं थांबता येईल. दोन्ही बाजूंना असेल तर आत्तापासून.

आईची बाजू — हो. तिथे लेकीनेच माझं लिहिलं. वय, डावी की उजवी. सुवाच्य अक्षर आहे तिचं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

वडिलांची बाजू. हे म्हणाले, "छे! आमच्याकडची माणसं काटक. नव्वदी गाठल्याशिवाय कोणी हलत नाही." तरी सासूबाईंना हाक मारून विचारलं, "आई, आपल्यात कोणाला असलं काही होतं का?" त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिही नाही म्हणून." आणि ताट उचलून आत गेल्या.

ह्यांना तर जोरच चढला. "आई उभ्या जन्मात एकदाच घराबाहेर राहिलीय, मामाकडे दोन महिने. मी शाळेत होतो. तेव्हा बाबांनी आम्हाला साठ दिवस करपलेलं खायला घातलं, तरी एकालाही साधा ताप नाही!" लेक हसून हसून लोळली. "नाही"खाली ह्यांनी दोन रेघा मारल्या. चला, अर्धी बाजू तरी स्वच्छ आहे पोरीची.

१० मार्च, सोमवार

पाणी भरलं. बाहेर बाकावर शेजारी एक बाई होत्या, लोकरीची टोपी घातलेल्या, हसऱ्या. बोलता बोलता कळलं, त्यांचा सिलिकॉनचा. सहा वर्षं झाली. तपासणीला आल्या होत्या आणि आतून फाटलेला निघाला.

"कधी फाटला?" मी विचारलं.

"कोण जाणे हो. वर्ष झालं असेल, दोन झाली असतील. मी मध्ये पोहायला जात होते, नातवंडांना कडेवर घेत होते. मजेत होते!"

त्या घाबरलेल्या नव्हत्या. बदलून घेऊ म्हणाल्या, त्यात काय. घाबरले ते मी. मीही मजेतच होते की. त्या वर्षी दुकानाला रंग दिला, लेकीचा निकाल लागला, नवीन मशीन घेतलं. आणि आत ती बसलेली होती, चिडीचूप, वाढत. मला गप्प बसणाऱ्या वस्तूंची आता भीती वाटते.

११ मार्च, मंगळवार

सलाईन. ठरलं! बोंब मारणाराच बरा.

१२ मार्च, बुधवार

नाही ठरलं. आज एका मुलीचा सॅटिनचा गाऊन ट्रायलला होता. छातीवर एकच चुणी, केसाएवढी, आणि आरशासमोर उभी राहून तिला दुसरं काही दिसेना. पुन्हा पुन्हा तिथेच हात. मी इस्त्री फिरवून काढून दिली. माझी कशाने काढणार?

१३ मार्च, गुरुवार

सासूबाईंशी वाजलं.

सुरुवात कपड्यांवरून. मी दोरीवरचे काढत होते, त्यांच्या बंडीला हात लागला तर खेकसल्या, "माझे राहू दे, मी घेते." स्वतःचे कपडे स्वतः धुणार, स्वतः वाळत घालणार, तेही चादरीच्या आड. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची बंडी कोण बघतंय! मी तसं बोलले. बोलायला नको होतं.

मग त्या सुटल्या. "तुला सगळंच उघड्यावर हवं. ती काजवाली काय, ते डॉक्टर काय, त्या बाकावरच्या बाया काय. जीव वाचला ना? मग आता परत कापून घ्यायची हौस कशाला? कापूस भर, शीव, झाकून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुमच्यावर आली असती म्हणजे कळलं असतं!" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण नाही. चष्मा पुसला आणि खोलीत गेल्या. जेवायला आल्या तेव्हा माझ्या ताटात आधी वाढलं, हे कधी करत नाहीत. मला जास्तच राग आला. भांडायचं तर नीट भांडावं माणसाने.

वर तो प्रश्न आहेच. हौस आहे का ही? लिहिते आता खरं. मला आरशासमोर उभं राहून गिऱ्हाइकाला टाचण्या लावायच्या असतात. दिवसभर आरसा. त्यात तिच्या मागे मीही दिसते. मला दिसायचंय. याला हौस म्हणायचं तर म्हणा.

१५ मार्च, शनिवार

काय करून बसले!

दुपारी वकीलबाई कोटाच्या ट्रायलला आल्या, सोमवारी कोर्टात घालायचाय, घाई घाई. मी गुडघ्यावर बसून खालची पट्टी दुमडत होते. तोंडात टाचण्या. मनगटाची पिनकुशन कटिंगच्या टेबलावर राहिलेली. तर उरलेल्या टाचण्या मी टोचून ठेवल्या — कुठे? डाव्या छातीवर! बावीस वर्षं तिथेच टोचतेय. शिंपिणीची छाती म्हणजे टाचण्यांची गादी. ऑपरेशननंतर किती जपून सवय मोडली होती.

काजवाली ओरडली, "ताई! डावीकडे!"

पाच होत्या. चार अलगद निघाल्या. पाचवी लांब, निळ्या मण्याची, मण्यापर्यंत आत. आणि मला काही कळलं नव्हतं! बधिर ना सगळं. वकीलबाईंना तसंच अर्ध्या पट्टीवर उभं ठेवून कोपऱ्यातल्या पडद्याआड गेले. गादी काढली. आता दोन नंबरची आहे, जेमतेम बोटभर. खाली कातडीवर एक लाल ठिपका. टाचणीचा? की डास चावला? की आधीचाच आहे?

नर्सबाईंना फोन. सोमवारपर्यंत डॉक्टर नाहीत. "घाबरू नका. फुगा बसतोय का बघत राहा. लाल झालं, ताप आला तर तडक या." बसतोय का बघत राहा! म्हणजे कसं बघू? मग टेप घेतला. खांद्याच्या हाडापासून खालपर्यंत. पावणेदहा इंच. पाच वाजता, पावणेदहा. सहा वाजता साडेनऊ! श्वास सोडून घेतलं होतं. परत घेतलं, पावणेदहा.

वकीलबाईंचा कोट काजवालीने पूर्ण केला. एक बाजू किंचित लांब गेली असणार. जाऊ दे.

१६ मार्च, रविवार

आठ वाजता पावणेदहा. नऊ, पावणेदहा. दहाला मोरीत टेप धरून उभी होते, तर हे दार ढकलून आले. ऑपरेशन झाल्यापासून ह्यांच्यासमोर मी उजेडात कपडे बदललेले नाहीत. मग हे म्हणाले, "एकटीने धरलास तर वाकडा येईल. आण इकडे." आणि टेपचं दुसरं टोक धरलं. डोळ्यांवर चष्मा चढवून, बिल तपासावं तसं वाचलं, "पावणेदहाला एक दोरा कमी."

"दोरा कमी म्हणजे काय!" मी रडायलाच लागले.

"अगं, म्हणजे माझी नजर कमी." मग दर तासाला आलेच. दुपारची झोप सोडून. मी मेली उगाच दार लावत होते वर्षभर.

चार वाजता सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गुरुवारपासून आमचं कामापुरतंच बोलणं. "दुखतंय का?" विचारलं. म्हटलं, "नाही हो आई. दुखलं असतं तर बरं झालं असतं. तिथे काही कळतच नाही."

"हो. कळत नाही तिथे," म्हणाल्या आणि गेल्या. मला ठिपक्याचीच पडली होती.

संध्याकाळी सातला पावणेदहा.

१७ मार्च, सोमवार

काही झालेलं नाही! टाचणी गादीत तिरकी गेली होती. ठिपका डासाचा निघाला. देवा, मेल्या डासाने दोन दिवस माझा जीव खाल्ला! प्लास्टिकवाले डॉक्टर म्हणाले, "फुटला असता तर आतापर्यंत बसला असता. आत मिठाचं पाणीच आहे, लपून राहत नाही. आणि ती पिनकुशन मनगटाला शिवूनच टाका." शेवटचं पाणी भरलं. जाताना म्हणाले, "काही ठरलं?" म्हटलं, चोवीस तारीख आहे ना?

१८ मार्च, मंगळवार

ठरलं. सिलिकॉन. कारण लिहून ठेवते म्हणजे उद्या उलटायला नको. सलाईन घेतला तर जन्मभर हाच रविवार. रोज सकाळी उठून आधी टेप. शिंक आली की टेप. लेकीने मिठी मारली की टेप. नको. फाटायचा तर फाटू दे, मला न सांगता फाटू दे. बाकावरच्या बाई मजेत होत्या ना? मलाही दोन वर्षं मजेत राहायचंय, खोट्या का होईना.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू म्हणशील ती पूर्व." यांचा काही उपयोग नाही. पण टेप छान धरतात.

२० मार्च, गुरुवार

लेकीला सांगितलं तर ती पटकन हो म्हणाली नाही. भाजी निवडत बसली होती. बराच वेळ देठं तोडत राहिली, मग म्हणाली, "आई, तू कशाला घाबरतेस? फाटायला की कळायला?"

"दोन्हीला."

"दोन्हीला एकदम घाबरता येत नाही. एक निवड." आणि हसली. वीस वर्षांची पोर, जीभ कशी चालते बघा. मग माझा हात धरला आणि म्हणाली, "मला तर कळायला हवं असतं. मला कोणी काही सांगितलं नाही तर मला जास्त भीती वाटते. गेल्या वर्षी तुम्ही तीन आठवडे मला सांगितलं नव्हतंत. तू नि बाबा कुजबुजायचात आणि मी यायच्या आत गप्प. मला वाटायचं, तुम्ही वेगळे होताय."

मला हे माहीतच नव्हतं! आम्ही तिची परीक्षा म्हणून लपवलं होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून. तीन आठवडे पोरीने हे मनात घेऊन पेपर लिहिले.

सिलिकॉनच. पण आज म्हणताना आवाज बारीक येतोय.

२२ मार्च, शनिवार

ऑपरेशननंतर महिनाभर सैल बंडी हवी, पुढून उघडणारी, आणि डावीकडे मऊ कापडाची घडी राहील अशी सोय. बाजारात मिळते ती पाहिली. शिवण आतून अशी राकट की जखम नसली तर व्हायची. मीच शिवणार. दुकान बंद केल्यावर बेतायला घेतली.

घडीसाठी आतून कप्पा करावा लागेल. वर निमुळता, खाली खोलगट, काठाला किंचित चुण्या. तीन कागद कापले, तीनही चुकले. चौथ्यांदा वैतागून खिळ्यावरचा सासूबाईंचा किल्ल्यांच्या कप्प्याचा कागद काढला, म्हटलं निदान अंदाज येईल. ठेवून बघितला तर काय, तंतोतंत! एक दोरा हलवावा लागला नाही. जणू याच कामासाठी बेतलेला. गंमत आहे. कप्पा घरी आणलाय, उद्या सकाळी टाके घालीन.

परवा चोवीस. फोनवर नुसतं "सिलिकॉन" म्हणायचं, झालं. एक शब्द.

२३ मार्च, रविवार

टेबलावरचा कप्पा सासूबाईंनी उचलला. दोन बोटं आत घालून ताणून पाहिला. म्हणाल्या, "वरचा टाका दुहेरी घाल. नाहीतर खाली वाकलं की पुरचुंडी बाहेर येते."

"किल्ल्यांची?"

त्यांनी दाराला कडी लावली. बटणं काढली. कप्प्यातून कापडाची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. आत मोहरी. उबदार होती. डावीकडे सपाट, आणि काखेपर्यंत जुनी, पांढरी रेघ. माझ्या रेघेच्याच जागी.

मामाकडे दोन महिने! कोणाला नाही सांगितलं. मुलालासुद्धा नाही. बत्तीस वर्षं. आणि त्यातली बावीस वर्षं तो कप्पा मी शिवतेय.

आधी त्यांना जवळ घेतलं. मग आठवलं. "आई, पोरीचा फॉर्म." त्या खाली बसल्या. "मी नाही लिही म्हटलं," एवढंच दोनदा म्हणाल्या. नंतर स्वतःच हात वर केले. "घे माप. आणि त्या फॉर्मवर नीट लिही. डावी. वय बेचाळीस."

उद्या फोनवर आधी फॉर्मचं सांगायचं. लेकीला मात्र आजच, ती आली की लगेच, तिच्या आजीसमोर.

आणि सलाईन. फुटलं तर कळू दे.